अकराचा ताळा

माझा भाऊ तोफखान्यात होता. तोफ डागणारा नव्हे, तोफेसाठी गणित करणारा. तोफ कुठे उभी आहे, गोळा कुठे पडायला हवा, मधला डोंगर किती उंच, वारा कुठल्या दिशेचा, हे सगळं धरून कोन काढायचा आणि वायरलेसवरून पुढे सांगायचा. एखादा अंक इकडचा तिकडे झाला तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो, हे त्याला विसाव्या वर्षापासून शिकवलेलं. पेन्शनीत निघून तो कुंडलला आमच्या घरी आला, ऊस लावला, दोन म्हशी घेतल्या आणि गावात मुरून गेला. मी साताऱ्यात, ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. एकटी राहते. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा.

गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याचं रानात जाणं बंद पडलं. मी भेटायला गेले तेव्हा तो घराच्या पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसून शब्दकोडी सोडवत होता. मला बघून त्यानं पेपर बाजूला टाकला.

"आगं, तुझ्या गणितात काय तरी मोठं काम असंल तर दे की. ह्या कोड्यांनी डोकं गंजाय लागलंय."

मी त्याला एक संख्या दिली. दोनाला दोनानं गुणत जायचं, असे एकसष्ट दोन घ्यायचे आणि आलेल्या उत्तरातून एक वजा करायचा. २३०५८४३००९२१३६९३९५१. एकोणीस अंक. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही नि:शेष भाग जात नाही. हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर गणित करून दाखवलेलं आहे. मी दादाला म्हटलं, तूही दाखव.

त्यासाठी एक चाचणी आहे. चारापासून सुरुवात करायची. चाराचा वर्ग करायचा, त्यातून दोन वजा करायचे. जे येईल त्याचा परत वर्ग, परत दोन वजा. आकडा त्या एकोणीस अंकी संख्येच्या वर गेला की तिनं भागायचं आणि फक्त बाकी पुढे न्यायची. असं एकोणसाठ वेळा. एकोणसाठाव्या वेळी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. दुसरं काहीही आलं, अगदी एक जरी आला, तरी संख्या मूळ नाही किंवा करणारा कुठेतरी चुकला. थोडक्यात हुकलं असं या चाचणीत नसतं. तिसाव्या पायरीला एक अंक चुकला तर एकतिसावीपासून एकही अंक खरा राहत नाही, आणि चुकलंय हे शेवटपर्यंत कळतही नाही.

दादाला हे फार आवडलं. "हे आमच्यासारखंच हाय," तो म्हणाला.

आम्ही काम वाटून घेतलं. वर्ग त्यानं करायचा, भागाकार मी करायचा. तो एकोणीस अंकांचे तीन-तीनचे गठ्ठे पाडायचा, अठ्ठावीस गुणाकार मांडायचा आणि छत्तीस-सदतीस अंकांचं उत्तर काढायचा. संध्याकाळी साडेसातला फोनवर ते मला सांगायचा. मी ते वहीत उतरवून घ्यायचे, दुसऱ्या दिवशी कॉलेजात मोकळ्या तासाला भागाकार करायचे आणि संध्याकाळी भागाकार आणि बाकी त्याला सांगायचे. दोन दिवसांत एक पायरी. कॅल्क्युलेटर नाही, संगणक नाही, ही अट त्याची. पहिल्या पाच पायऱ्यांना भागावं लागलंच नाही. चौदा, एकशे चौऱ्याण्णव, सदतीस हजार सहाशे चौतीस, असे ते आकडे आधी माणसाच्या आवाक्यातले असतात. मग एकदम फुगतात.

चूक पकडायला नवांचा ताळा होता. तो लहानपणी सगळेच शिकतात. अंकांची बेरीज करायची, नऊ टाकत जायचं, दोन्ही बाजूंना उरलेला अंक सारखा आला की गणित बरोबर. आमच्या संख्येचा एक गुण इथे सोयीचा पडत होता. तिला नवानं भागलं की बाकी एकच उरते. त्यामुळे माझा भागाकार अधिक माझी बाकी यांचा ताळा त्याच्या वर्गाच्या ताळ्याशी जुळला की झालं. बाकी सांगण्याआधी मी दर वेळी तो जुळवून बघायचे. दर वेळी जुळायचा.

गणपती होऊन गेल्यावर आम्ही सुरुवात केली. दिवाळीपर्यंत मजेत चाललं होतं. माझ्या आयुष्यात संध्याकाळी साडेसातला कुणी फोन करेल असं बरीच वर्षं काही राहिलं नव्हतं. आकडे संपले की तो गावातलं काहीबाही सांगायचा. उसाला तोड कधी येणार, म्हैस व्याली, शेजाऱ्याची विहीर आटली.

दिवाळीनंतर तो बदलला.

आधी बारीकसारीक. मी आकडे परत वाचून दाखवत असताना तो मधेच थांबवायचा.

"काय म्हणालीस? परत वाच."

मी परत वाचायचे.

"त्रेपन्न हाय तिथं."

"तू पस्तीस म्हणालास, दादा."

"आसंल. मीच चुकलो आसंन. त्रेपन्न कर."

मराठीत आकडे बोलायची रीतच तशी आहे. त्रेपन्नात तीन आधी ऐकू येतो आणि पन्नास मागून. पहिलीतली मुलं ऐकून पस्तीस लिहितात. पण दादानं उभं आयुष्य दुसऱ्याला आकडे सांगण्यात घालवलेलं. त्याच्याकडून हे व्हावं याचं मला नवल वाटलं, आणि दोन-तीनदा झाल्यावर भीती.

मग त्यानं जोडीनं आकडे सांगायचं सोडलं. "सुटं सुटं बोलायचं. पाच. तीन. फौजेत आमी असंच बोलायचो." एक-एक अंक, मधे थांबून. मी परत वाचायचे, तेही एकेक. तरी तो परत वाचायला लावायचा, कधी तीनदा. कामाशी ज्याचा संबंध नाही असं काहीही विचारायचा. आज वार कुठला? काल जेवायला काय केलं होतंस? दुसऱ्या दिवशी परत तेच, परवा काय केलं होतंस म्हणालीस?

"काल सांगितलं ना तुला."

"सांगितलं व्हतंस? काय सांगितलं व्हतंस?"

आईचं असंच सुरू झालं होतं. साठी गाठायच्या जरा आधी. ब्लाउजची बटणं वरखाली लागायला लागली. तासगावला जायला निघाली आणि विट्याच्या गाडीत बसून गेली. सहा वर्षांत आई माणूस ओळखेनाशी झाली, पुढची चार वर्षं अंथरुणावर. दादा तेव्हा सीमेवर होता, त्याला रजा मिळाली की पंधरा दिवस यायचा. ते सगळं मी पाहिलं, हातानं केलं. त्यामुळे मला ती सुरुवात ओळखू येते असं मी समजत होते.

एकदा दुपारी वहिनीला फोन केला, तो झोपलेला असताना. दादा कसा आहे म्हणून विचारलं.

"बरं हायत तसं," वहिनी म्हणाली. "पर वन्सं, गप गप असत्यात. तुमचा फोन झाला की एका डायरीत कायबाय लिवत बसत्यात. मी गेले की मिटून ठेवत्यात."

"काय लिहितो?"

"मला काय कळतंय त्यातलं. आकडंच असत्यात. आन वर तारीख."

आईसुद्धा शेवटी शेवटी चिठ्ठ्या लिहून उशीखाली ठेवायची. मी फोन ठेवला. तेव्हाच मला वाटलं, ही चाचणी आता लवकर संपवावी. पण ती मी सुरू करून दिलेली होती, आणि तो तिला धरून होता. सोड म्हणायचा धीर झाला नाही.

अडतिसाव्या-एकोणचाळिसाव्या पायरीच्या सुमाराला त्यानं विचारलं, "नवाचा ताळा जुळला आन तरीबी गणित चुकलेलं, असं व्हतं काय गं?"

"होतं ना. शेजारशेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तर नवांच्या ताळ्याला ती दिसतच नाही. अंक तेच, बेरीज तीच."

"मग ती धरायची कशी?"

"अकराचा ताळा लावायचा. उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, परत मिळवायचा, परत वजा. अदलाबदल झाली की तो मोडतो."

"ह्या आपल्या संख्येला अकरानं भागलं तर बाकी काय उरती?"

मी मनात करून बघितलं. "एकच. नवासारखीच."

"म्हणजे तसंच जुळवायचं. भागाकार अधिक बाकी."

"हो."

"बरं," तो म्हणाला. मला वाटलं, त्याला स्वतःचीच शंका येत असावी. माणसाला आधी कळतं म्हणतात. त्या रात्री मला रडू आलं.

फेब्रुवारीत एकोणसाठावी पायरी आली. मी भागाकार केला. बाकी एकोणीस अंकी आली, शून्याच्या जवळपासही नाही. संध्याकाळी फोनवर मी ती सुटी सुटी वाचून दाखवली. मला वाटलं होतं तो हळहळेल, निदान शिवी हासडेल. तो म्हणाला, "बरं. ऱ्हाऊ दे. जेवलीस काय?"

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या संगणक खोलीत जाऊन दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. आमच्या साडेतीन-चार महिन्यांच्या सगळ्या बाक्या एका क्षणात पडद्यावर आल्या. वही उघडून मी एकेक ताडून बघू लागले. पंचविसाव्या पायरीपर्यंत एकही अंक चुकलेला नव्हता. सव्विसाव्या बाकीत मधेच दोन अंक उलटे होते. चूक पुढे किती वेळा झाली ते बघायला मी आमची चुकलेली बाकीच खरी धरून तिथून पुढचं गणित संगणकाला करायला लावलं. पुढची चूक तेहेतिसावीत. मग सदतिसावीत. मग चाळिसावीत. पन्नासच्या पुढे जवळजवळ एकाआड एक. प्रत्येक ठिकाणी तेच, शेजारचे दोन अंक उलटे. आधी लांब लांब, मग जवळ जवळ.

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. वही माझ्यासमोर होती. त्याचा वर्ग त्यात उतरवलेला होता, माझा भागाकार त्याखाली होता. सव्विसाव्या पायरीत चूक वर्गात आहे की भागाकारात, हे बघायला पाच मिनिटं पुरली असती. मी बघितलं नाही. बघावंसं वाटलं आणि मी टाळलं, असंही नाही. ते माझ्या मनातच आलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा मारण्यात गेली होती.

रविवारी मी कुंडलला गेले. कारखान्यांचा हंगाम भरात होता. कराडच्या पुढे रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर एकामागे एक, आणि तोडून झालेल्या रानांत उसाचं पाचट पेटवलेलं. एसटीच्या बंद काचांतूनही धूर आत येत होता. दादाला कसं सांगायचं याचे शब्द मी वाटभर जुळवत होते. शेवटी सांगायला काही लागलंच नाही.

"दादा, मिरजेला एकदा मेंदूच्या डॉक्टरला दाखवून येऊ या का? वय झालं की एकदा बघून घ्यावं."

"जाऊया की," तो लगेच म्हणाला. "आमच्या युनिटातल्या एकाच्या वळखीचा डॉक्टर हाय. मंगळवारची येळ मिळती का बघतो. तू रजा टाक. दोघंबी जाऊ."

इतका सहज तयार झाला म्हणून मला आणखीच वाईट वाटलं. वहिनीनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, तिलाही कळलेलं आहे.

मंगळवारी पलूसवरून सांगली आणि सांगलीवरून मिरज. गाडी शेजाऱ्याचा मुलगा चालवत होता. दादा पुढे बसला होता, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. मी मागे. त्याच्या मानेकडे बघत मी विचार करत होते, आता याला इथे एकटं ठेवून चालायचं नाही, साताऱ्याला न्यावं का, वहिनीला सगळं झेपेल का. सांगली येईपर्यंत मी पुढची दहा वर्षं मनात मांडून झाले होते.

दवाखान्यात बरीच गर्दी होती. कर्नाटकातनं आलेली माणसं कानडीत बोलत बसली होती. काउंटरवरची मुलगी एकेकाला हाक मारत होती. तासाभरानं तिनं माझं नाव घेतलं.

मी उठून तिच्याकडे गेले. "पेशंट मी नाही, माझा भाऊ आहे. मी बरोबर आलीये."

तिनं कागद बघितला. "नाही मॅडम, तुमचंच नाव आहे. वय पंचावन्न."

मी मागे वळून दादाकडे बघितलं. तो बाकावरून उठला होता, काठीवर भार देऊन. पिशवी हातात.

"तिचं बरोबर हाय," तो म्हणाला. "माझा केसपेपर न्हाई, तुझाच हाय. चल आत."

मी काय म्हणाले ते आठवत नाही. आत गेल्यावर दादानं पिशवीतून डायरी काढून डॉक्टरांपुढे ठेवली. पानापानावर तारीख, त्याखाली त्यानं सांगितलेला आकडा, मी परत वाचलेला आकडा, आणि उलटे झालेले अंक गोल करून ठेवलेले. मी परवा काय जेवले म्हणून सांगितलं आणि काल काय जेवले म्हणून सांगितलं, हेही होतं. ते पुष्कळ ठिकाणी जुळत नव्हतं. शेवटच्या काही पानांवर माझे भागाकार आणि त्यांच्या शेजारी अकराचा ताळा, जुळलेला आणि न जुळलेला.

डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलणारे. त्यांनी मला घड्याळ काढायला सांगितलं, मी काढलं. शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. मी भराभर सांगितलं आणि दादाकडे बघितलं. त्यात रागही होता. मग त्यांनी मला कागद दिला आणि दहा आकडे सांगितले, सहा-सहा अंकी, एकेक अंक सुटा उच्चारून. मी लिहिले. त्यांनी कागद बघितला आणि स्वतःकडचा कागद त्याच्या शेजारी ठेवला.

"हा चौथा बघा."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"परत बघा. एकेक अंक बोट ठेवून."

मी बोट ठेवून वाचलं. तिसऱ्या अंकाला पोचेपर्यंत मला तो आकडा बरोबरच दिसत होता. बोट ठेवल्यावर दिसलं, दोन अंक उलटे होते. दहांपैकी तीन तसे होते. तिन्ही मी लिहिले होते आणि तिन्ही माझ्या डोळ्यांना बरोबर होते. आईच्या दहा वर्षांत मी खूप काही पाहिलं होतं, पण ते बाहेरून. आतून ते असं असतं याची मला कल्पना नव्हती. आतून काहीच वाटत नाही.

त्याच दिवशी स्कॅन झाला. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "अंक उलटे होतात एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. स्कॅनमध्ये थोडा बदल आहे, वयाच्या मानानं जरा जास्त वाटतोय. घरात आईची हिस्टरी आहे म्हणून लक्ष ठेवू. सहा महिन्यांनी परत या." गोळ्या लिहून दिल्या. नाव कुठल्याही आजाराचं घेतलं नाही, आणि मी विचारलं नाही.

बाहेर चहाच्या गाड्यावर उभं राहून मी दादाला विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"दिवाळीच्या आसपास शंका आली. आकडं परत वाचताना तू उलटं वाचायचीस. अकराचा ताळा कळल्यावर मागचं समदं तपासलं. सव्विसावीपासून चुकत गेलतं."

"म्हणजे त्यानंतरचं सगळं फुकट जाणार हे तुला कळलं होतं. तरी वीस पायऱ्या तू माझ्याकडून करून घेतल्यास?"

"व्हय."

"चुकीच्या आकड्यांचे वर्ग करत बसलास?"

"वर्ग नीट केले मी. आकडा चुकीचा असला म्हणून काय झालं." त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "फोन बंद झाला असता तर मला कळलं कसं असतं, वाढतंय का तेवढंच हाय? तू तितं एकटी. कोण बघणार व्हतं?"

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?" तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "आईच्या येळंला मी न्हवतो गं."

मला त्याचा राग आला होता आणि तो बरेच दिवस गेला नाही. त्यानं चूक स्वतःवर घेतली होती, मी त्याच्यावर घातली होती, आणि दोघंही एकमेकांना डॉक्टरकडे नेत होतो. त्यात मी नेणारी असल्याची माझी इतकी खात्री होती.

साताऱ्याला परतल्यावर पहिलं काम मी प्राचार्यांना सांगायचं केलं. ते गोंधळले, म्हणाले, इतकी काळजी करू नका. मी अकरावीच्या पहिल्या सत्राचे पेपर काढायला लावले आणि एका सहकाऱ्याला माझी गुणांची यादी त्यांच्याशी ताडून बघायला सांगितली. दोन ठिकाणी अंक उलटे निघाले. एका मुलाला छप्पन्नाचे पासष्ट मिळाले होते. त्याचं काही बिघडलं नव्हतं. एका मुलीला बासष्ट गुण होते आणि यादीत सव्वीस. ती नापास झाली होती आणि दिवाळीनंतर गणित सोडून दुसऱ्या विषयाला गेली होती.

मी तिला बोलावून घेतलं. यादी दाखवली, पेपर दाखवला, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. तिनं पेपर उलटून बघितला.

"मला वाटलंच होतं, पेपर बरा गेलाय म्हणून," ती म्हणाली. "पण तुम्ही तपासलाय म्हटल्यावर, मॅडम, मला वाटलं मलाच कळत नाही."

परत गणिताला यायचं का, म्हणून मी विचारलं. प्राचार्य परवानगी द्यायला तयार होते. तिनं मान हलवली, नको म्हणाली. नम्रपणे, पाया पडून गेली. ते पाया पडणं मला अजून सहन होत नाही. त्यानंतर मी परीक्षेचं कुठलंही काम घेतलं नाही. शिकवते अजून, फळ्यावर लिहिलेला आकडा मुलांकडून वाचून घेते आणि मगच पुढे जाते.

दादानं चाचणी सोडली नाही. पंचविसावी बाकी खरी होती. तिथून त्यानं एकट्यानं सुरुवात केली, वर्गही आणि भागाकारही, दोन्ही ताळे लावून. मी त्यातलं काही ऐकायला तयार नव्हते आणि तो सांगतही नव्हता. पावसाळा लागल्यावर एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"शून्य आलं," तो म्हणाला.

"सगळं?"

"समदं. भाग पुरता गेला. एक अंक राहिला न्हाई."

मी त्याला शाबासकी दिली. तो फार खूश होता, वहिनीनं शिरा केला होता. मी फोन ठेवला आणि खिडक्या लावून घेतल्या. इतके दिवस मनाच्या एका कोपऱ्यात मी असं धरून होते, की ते गणितच कुठेतरी आमच्या आवाक्याबाहेरचं असेल, कुणाच्याही हातून चुकलं असतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एकोणसाठ वर्षांच्या माणसानं सोप्यात बसून ते एकट्यानं बरोबर करून दाखवलं होतं.

सहा महिन्यांनी मिरजेला गेलो तेव्हा डॉक्टरांनी परत दहा आकडे घातले. त्यांनी या वेळी मला कागद दाखवला नाही. दादाला दाखवला. घरी येताना मी विचारलं नाही आणि तो उसाबद्दल बोलत राहिला. आता तो रोज संध्याकाळी मला पाच आकडे सांगतो, मी लिहून फोटो पाठवते. डायरी त्याच्याकडे आहे.

हे सगळं लिहून काढावं असं माझ्या मनात आलं, कारण अजून मला क्रम लागतो आहे, कशानंतर काय झालं ते. लिहून झाल्यावर मी कागद दादाकडे कुंडलला पाठवले, फक्त आकडे तपास म्हणून. मूळ संख्येचे एकोणीस अंक, पायऱ्यांचे क्रमांक, त्या मुलीचे गुण. आठ दिवसांनी कागद परत आले. त्यानं नव्यानं स्वच्छ उतरवून काढले होते, त्यामुळे कुठे काय दुरुस्त केलं ते दिसत नाही. माझे कागद त्यानं ठेवून घेतले आहेत.